डावीकडची चौथी खाच

भातकापणी उरकली की पनवेलच्या हवेत पेंढ्याचा वास उतरतो, आणि मला माझाच संशय यायला लागतो. एरवी वर्षभर तो इतरांवर असतो. दूधवाल्यावर, रिक्षाच्या मीटरवर, ‘दोन मिनिटांत पोचतो’ म्हणणाऱ्या कुणावरही. हा माझा स्वभाव आहे आणि त्याचाच मला पगारही मिळतो. तळोज्याच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. समोर आलेला प्रत्येक तुकडा खोटा आहे असं धरून चालायचं आणि तो खरा निघाला तर पुढे सोडायचा, हे माझं काम. घरी बायको म्हणते, ‘अहो, निदान कलिंगड तरी सुखानं खाऊ द्या.’ कारण मी कलिंगडही तीनदा ठोकतो, एकदा बाजारात, एकदा घरी आल्यावर आणि एकदा कापायच्या आधी.

या वर्षीही शिरढोणच्या पुढे शेतं मोकळी झाली आहेत. रविवारी गाडी बाजूला लावून थोडा वेळ बांधावर उभा राहिलो. धसकटं तशीच पिवळी, बगळे तसेच आळशी. मी सांगतोय ती गोष्ट काही वर्षांपूर्वीची, उलव्याच्या बाजूनं डोंगर फोडायच्या सुरुंगांचे आवाज मात्र तेव्हा नव्हते. तेव्हा इथं दुसराच आवाज होता, चार जाड टायरांच्या बुटक्या गाडीचा. तो घुमायला लागला की बगळे उडायचे, एक फेरी मारायचे आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं परत येऊन बसायचे.

माझा मेहुणा नितीन म्हणजे सतत काहीतरी सुरू करणारा माणूस. त्या वर्षी त्यानं एका शेतकऱ्याची कापणी झालेली खाचरं दिवाळी ते होळी भाड्यानं घेतली आणि दोन एटीव्ही, म्हणजे तसल्या बुटक्या गाड्या, आणल्या. एक पिवळी, कोरी. एक लाल, कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी चार वर्षं लोकांना फिरवून थकलेली. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची कुटुंबं एक्सप्रेसवेवरून उतरून येणार, धूळ खाणार, फोटो काढणार आणि खूश होऊन जाणार, असा बेत होता. आश्चर्य म्हणजे ती आलीही. नितीननं मला म्हटलं, ‘भावोजी, तुम्ही फक्त शनिवार-रविवार येऊन उभे राहा. तुमची नजर आहे.’ नजर आहे म्हटल्यावर मी विरघळलो. संशयी माणसाची स्तुती सहसा कुणी करत नाही.

गाड्यांची देखभाल करायला त्यानं हिराजीभाऊंना ठेवलं होतं. हिराजीभाऊ मोऱ्याचे. उरणजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्यावर जन्म गेलेला, निम्मं आयुष्य मच्छीमार बोटीच्या इंजिनाशी झटण्यात घालवलेलं. बोट विकली तेव्हा मुलीकडे पनवेलला राहायला आले, बायको मोऱ्यालाच राहिली. साठीला टेकलेला, काळा, काटक माणूस. बोलणं कमी आणि बघणं फार. मला या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असलेल्या आवडत नाहीत.

आणि हिराजीभाऊ बघायचे तरी कसे! गिऱ्हाईक गाडीजवळ आलं की त्याला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळायचे. चेहऱ्याकडे नाही, खांदे, पोट, मांड्या, पाय. मग खाली बसायचे, हातातला हुक पाना मागच्या चाकाशी अडकवायचे आणि कट्, कट् असा आवाज करायचे. ठाण्याहून आलेल्या एका बाईंनी नवऱ्याला बाजूला घेऊन तक्रार केली, ‘हा माणूस काय बघतोय माझ्याकडे?’ मी लगेच त्यांच्या बाजूनं झालो. हिराजीभाऊंना म्हटलं, ‘अहो, लोकांना असं न्याहाळू नका.’

‘वजन बगतंय सायब,’ ते म्हणाले. ‘वजन नाय बगितला तं स्प्रिंग किती कडक करायची, कसा कलनार?’

ते मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. या गाडीच्या चारही चाकांना शॉकअप असतात आणि प्रत्येकावर एक जाड स्प्रिंग. स्प्रिंगच्या बुडाशी एक कडं असतं, त्याला जिन्याच्या पायऱ्यांसारख्या पाच खाचा. हुक पान्यानं कडं फिरवलं की स्प्रिंग दाबली जाते. पहिली खाच नरम, पाचवी कडक. हलकं माणूस कडक स्प्रिंगवर बसवलं तर खडीसारखं उडतं. जड माणूस नरम स्प्रिंगवर बसलं तर गाडी बूड टेकवते. पिवळ्या गाडीबरोबर छोटं पुस्तक आलं होतं, ते मी त्याच रात्री वाचून काढलं. त्यात एक वाक्य ठळक छापलं होतं: दोन्ही बाजूंचे शॉकअप नेहमी सारख्याच खाचेवर ठेवा. अशी ठळक वाक्यं मला पाठ होतात.

पण वजन नुसतं बघून? मी दुसऱ्या शनिवारी घरचा वजनकाटा नेला. न्हाणीघरातला, उभं राहायचा. हिराजीभाऊंनी एका जाड्या गृहस्थांकडे बघून सांगितलं, ‘ब्याण्णव.’ काट्यावर चौऱ्याण्णव आले. एका बाईंना आणि त्यांच्या मांडीवरच्या पोरीला मिळून सांगितलं, ‘बहात्तर.’ बहात्तरच भरले. नितीन टाळ्या पिटायला लागला. मी काय केलं? घरी जाऊन काट्यावर पाच-पाच किलोच्या तांदळाच्या पिशव्या ठेवून काटा तपासला. काटाच दोन किलो जास्त दाखवत होता. म्हणजे जाड्या गृहस्थांचा आकडाही बरोबर निघाला आणि बाईंचा दोन किलोंनी चुकला, एवढंच मी लक्षात ठेवलं. आयुष्यभर टोपल्या उचलणारा माणूस नजरेनं मासळी तोलतो, तसा तो माणसं तोलत होता. त्याला दाद द्यायची सोडून मी चुकलेले दोन किलो घट्ट धरून बसलो.

त्या हिवाळ्याच्या सकाळी काय सुंदर असायच्या! खाडीकडून धुकं यायचं आणि धसकटांवर बसून राहायचं. बांधावर वाल फुलला होता. शेतमालकाची उडवी, म्हणजे पेंढ्याची ती गोल रास, विहिरीच्या मागे घरासारखी उभी होती. तिच्याकडून गोडसर, धुळकट वास यायचा. मी साडेसातला पोचायचो तेव्हा हिराजीभाऊ लाल गाडीजवळ आडवे झालेले असायचे. गाल जमिनीला टेकलेला, एक डोळा मिटलेला. मी येतोय म्हटल्यावर उठायचे, कॅरियरवरनं काहीतरी उचलायचे आणि सीटखाली सारायचे. आधी एकदा, मग दर वेळी. ते काय होतं हे मला दिसत नसे. ते लपवतात एवढं मात्र स्पष्ट दिसत असे.

मग लाल गाडीची पहिली फेरी त्यांचीच. हा त्यांचा नेम होता. गिऱ्हाईक बसायच्या आधी दोन्ही गाड्या स्वतः एकेकदा पूर्ण फिरवायच्या. बोट पाण्यात घातल्यावर माणसं चढवायच्या आधी आपण एक वळसा मारून येतो, तसं. लाल गाडीवरून उतरले की तिच्या टाकीवर थाप मारून म्हणायचे, ‘ही डावीकर कलतं. तिला जरा सांभालून घ्यावा लागतं.’ ते गाडीबद्दल बोलतात की जुन्या बोटीबद्दल, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, म्हातारा आठवणीत बोलतोय.

जानेवारीत पोपटी लागल्या. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर भांबुर्डीचा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती पेंढा पेटवायचा. उन्हं कलली की कुठल्या ना कुठल्या शेतात धूर निघायचा. आमच्याही शेतात एका रविवारी संध्याकाळी शेतमालकानं पोपटी लावली. मडकं फुटलं, ओव्याजवळ जाणारा तो पाल्याचा वास सुटला, बोटं भाजत सगळे शेंगा सोलायला लागले. नितीननं बाटली काढली. सगळ्यांनी थोडी थोडी घेतली. मीही घेतली. हिराजीभाऊंनी मात्र ग्लासावर हात आडवा धरला. ‘नाय सायब, आपल्याला चालत नाय.’

यावरून शहाण्या माणसानं काय ताडलं असतं? हा माणूस पीत नाही. मी ताडलं, हा चारचौघांत पीत नाही, म्हणजे एकटा पितो. सकाळी सीटखाली सारतात ते काय असणार, हेही मला तिथंच उमगलं. हातात गरम शेंग होती, समोर जाळ होता आणि मला फार बरं वाटलं. कोडं सुटल्याचं जे सुख असतं, ते चुकीच्या उत्तरानंही तितकंच मिळतं.

पुढच्या शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली. शुक्रवारी हिराजीभाऊ मोऱ्याला जायचे, शेतावर कुणी नसायचं. गाड्या पत्र्याच्या शेडमध्ये होत्या. मी लाल गाडीची सीट उचलली. आत फडक्यात गुंडाळलेली क्वार्टरची बाटली. चपटी, बूच घट्ट लावलेलं, वरचं लेबल खरवडून काढलेलं आणि आत जवळजवळ गळ्यापर्यंत बिनरंगी स्वच्छ काहीतरी. लेबल खरवडलंय म्हणजे चोरी कबूलच की! मी ती उजेडाकडे धरली, हलवली. एक मोठा बुडबुडा या टोकाकडून त्या टोकाकडे गेला.

मी ती उघडली नाही. कारखान्यात तेलाचा डबा आला तरी मी बोटावर घेऊन वास घेतो, लोक हसतात मला. त्या दिवशी बूच माझ्या दोन बोटांत होतं आणि मी ते फिरवलं नाही. उघडायची गरजच वाटली नाही, इतकी माझी खात्री होती. बाटली नेऊन उडवीच्या मागे पेंढ्यात भिरकावली आणि हात झटकले.

मग वाटलं, पिणारा माणूस गाडीच्या स्प्रिंगांचं काय करत असेल? खाली वाकून बघितलं. लाल गाडीच्या मागच्या दोन शॉकअपपैकी उजवा दुसऱ्या खाचेवर, डावा चौथ्यावर! मला अक्षरशः आनंद झाला. पुस्तकातलं ते ठळक वाक्य डोळ्यांसमोर उभं राहिलं. दोन्ही बाजू सारख्या. हा बेवडा इकडे दोन, तिकडे चार लावून ठेवतो आणि त्यावर लोकांची बायकामुलं बसवतो! पिवळी बघितली, तिचे दोन्ही तिसऱ्यावर होते. मग काय, हुक पाना घेतला आणि लाल गाडीचेही दोन्ही तिसऱ्यावर आणले. दोन आणि चारचा मध्य तीन. डावं कडं उतरवताना पाना एकदा सटकला आणि बोटाची साल निघाली. तीही मला कर्तव्याची खूण वाटली. नितीनला फोन लावून सांगितलं, ‘तुझा हिराजी पितो. बाटली सापडली मला.’

शनिवारी मी पोचलो तेव्हा धुकं होतं. नितीन पिवळ्या गाडीपाशी पाइपनं टायर धूत होता. हिराजीभाऊंनी लाल गाडीची सीट उचलली, फडकं उलगडलं, झटकलं. शेडमध्ये इकडेतिकडे बघितलं. मग वाकून मागच्या चाकांशी बघितलं. बराच वेळ बघितलं. सरळ झाले आणि माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, सापडला चोर. मी नितीनला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो, ‘खाचा मी नीट केल्यात. आता हात लावू नका.’

‘तुमी केल्याव?’ त्यांनी विचारलं.

‘हो, मी.’

‘बरा,’ असं म्हणून ते गाडीवर बसले आणि पहिल्या फेरीला निघाले.

विहिरीपाशी आमच्या मार्गाला उजवीकडे वळण होतं. पलीकडे हातभर उंचीचा बांध आणि खाली दुसऱ्याचं खाचर. गाडी काही जोरात नव्हती. वळली, आणि डावं मागचं चाक खाली बसत गेलं, बसतच गेलं. कुणीतरी त्या कोपऱ्यावर हात ठेवून दाबतंय असं वाटलं. मग बांधाची कड ढासळली आणि सगळं लाल एका कुशीवर गेलं. बगळे उडाले. इंजिन चालूच होतं, वरचं चाक हवेत फिरत होतं. हिराजीभाऊंचा उजवा हात हँडलखाली होता.

नितीन धावला. गाडी उचलली. हिराजीभाऊ ओरडत नव्हते, दात आवळून ‘आय, आय’ म्हणत होते. आणि नितीननं काय केलं, तर वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘येतोय बहुतेक.’ सगळीकडे पेट्रोल सांडलं होतं. पेट्रोलशिवाय कशाचाही वास येणं शक्य नव्हतं. पण मी सांगून ठेवलं होतं ना, त्यामुळे त्याला आला. हिराजीभाऊंनी ते ऐकलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. पनवेलच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं, संध्याकाळी जावई आला आणि त्यांना मोऱ्याला घेऊन गेला. सोमवारपर्यंत सगळीकडे झालं होतं, एटीव्हीवाला म्हातारा पिऊन पडला. चहाच्या टपरीवरही मी तेच ऐकलं. सांगणारा मलाच सांगत होता आणि मी मान डोलवत होतो.

मान डोलवत होतो, पण आतून एक गोष्ट कुरतडत होती. ते चाक. कडक केलेल्या स्प्रिंगवरचं चाक असं बसत जात नाही. पुढच्या शनिवारी मी कारखान्यातली मोजपट्टी घेऊन गेलो. शेतमालकाचं खळं सारवून सपाट केलेलं होतं, तिथं लाल गाडी ढकलत नेली. आधी दोन्ही टायरांची हवा बघितली, सारखी होती. मग कॅरियरच्या उजव्या टोकापासून जमिनीपर्यंत मोजलं. मग डाव्या टोकापासून. डावी बाजू दोन बोटं खाली होती. दोन्ही खाचा तिसऱ्यावर, अगदी सारख्या, आणि गाडी दोन बोटं डावीकडे कललेली.

मी डावं कडं चौथ्या खाचेवर नेलं, उजवं दुसऱ्यावर. परत मोजलं. दोन्ही बाजू सारख्या. मोजपट्टीची रेघ रेघेवर बसली.

डावी स्प्रिंग थकलेली होती, एवढीच गोष्ट. चार वर्षांत बसली होती. तिला उजवीइतकं उभं राहायला दोन खाचा जास्त लागत होत्या. हिराजीभाऊ दर शनिवारी, दर गिऱ्हाइकामागे, ते बघून लावत होते. पुस्तक लिहिणाऱ्यानं दोन्ही स्प्रिंगा नव्या धरल्या होत्या. पण मी? वीस वर्षं मी पोरांना शिकवतोय की आकडा बघू नका, वस्तू मोजा. आणि मी खाचा मोजल्या. गाडी मोजलीच नाही.

मग उडवीच्या मागे गेलो. पेंढा उपसत बराच वेळ शोधलं. अंगाला खाज सुटली, कुसळं बाह्यांत शिरली. बाटली सापडली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. बूच उघडलं, वास घेतला. ब्लीचिंग पावडरचा वास. बोट बुडवून चाखलं. नळाचं पाणी, नगरपालिकेचं. पनवेलकर ती चव झोपेतही ओळखेल. खळ्यावर येऊन ती चपटी बाटली कॅरियरवर आडवी ठेवली. बुडबुडा हलला, डुलला आणि बरोबर मध्यावर येऊन थांबला. गाल जमिनीला लावून, एक डोळा मिटून हिराजीभाऊ रोज सकाळी काय बघत होते, ते मला दिसलं. मी तिथंच खाली बसलो. मला लाज वाटली. लाज वाटण्याचं सोंग मी आधी पुष्कळदा केलं होतं, ही खरी होती.

खरी होती तरी दोन आठवडे मी कुणाला काही बोललो नाही. हेही लिहायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी त्याच दिवशी धावत सुटलो. मनात कारणं तयार होत होती. स्प्रिंग नेमकी त्याच दिवशी बसली असेल. बांध तसाही कच्चा होता. त्यांनी नीट सांगायला हवं होतं. लेबल तरी का खरवडायचं? मग कळलं, लेबल असलं तर बुडबुडा दिसणार कसा. एकेक कारण मी उचलून बघायचो आणि प्रत्येक नापास व्हायचं. शेवटी एका रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. तिनं भाताचा घास ताटात परत ठेवला.

‘कंपनीत लोकांचा माल परत पाठवता ना?’ ती म्हणाली. ‘मग आपला बोललेला शब्दही परत घ्या. आधी नितीनकडून. आणि मग मोऱ्याला जा, फोन करू नका.’

नितीननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘जाऊ दे ना भावोजी, आता सीझन संपतच आलाय.’ मी म्हटलं, ‘ज्या ज्या टपरीवर तू सांगितलंयस, तिथं तिथं आपण दोघं जाऊन उलटं सांगायचं.’ गेलोही. लोकांनी ऐकून घेतलं, पण खरं सांगतो, कुणाला त्यात रस नव्हता. पिऊन पडलेला म्हातारा सगळ्यांच्या लक्षात राहतो. स्प्रिंग बसलेली होती, हे ऐकताना लोक चहा मागवतात.

आता कारखान्यात माझ्या हाताखाली एक नवी मुलगी लागली आहे, हुशार, चटपटीत. परवा एका खेपेच्या कागदावर सही करताना ती सहज म्हणाली, ‘सर, तुम्ही बघितलंय ना? मग मी नाही बघत परत.’ मी तिच्यावर खेकसलोच, ‘बघायचं! मी बघितलेलंसुद्धा बघायचं!’ बिचारी बावरली. तिला वाटलं, सरांचा तिच्यावर विश्वास नाही. तिला मोऱ्याची गोष्ट कशी सांगणार?

टपऱ्या झाल्यावर मोऱ्याला मी एसटीनं उरणपर्यंत आणि पुढे रिक्षानं गेलो. ओहोटी होती. धक्क्याशी चिखलात बोटी कलंडून पडल्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास होता. एका ओट्यावर हिराजीभाऊ बसले होते. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. फाटलेलं जाळं पायाच्या अंगठ्यात ताणून धरून डाव्या हातानं ते दुरुस्त करायचा प्रयत्न करत होते. जमत नव्हतं. त्यांच्या बायकोनं मला बघून त्यांना म्हटलं, ‘पनवेलचं सायब आलंय,’ आणि पाणी आणायला गेली ती लवकर आलीच नाही.

मी पिशवीतून बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली. बोलायचं सगळं एसटीत जुळवून ठेवलं होतं. ‘हिराजीभाऊ, चूक माझी,’ एवढंच निघालं. ‘बाटली मी फेकली. खाचा मी बदलल्या. तुम्ही पिता असं मीच पसरवलं.’

त्यांनी बाटली डाव्या हातात घेतली, शर्टाच्या टोकानं पुसली आणि शेजारच्या फळीवर आडवी ठेवली. बुडबुडा एका टोकाला गेला.

‘बोटीवं पन हीच व्हती,’ ते म्हणाले. ‘मासली भरताना बोट कलली का नाय, हिच्याव बगाचा. वीस वरसां झाली. फुटली नाय.’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला राग हवा होता. राग नाही म्हटल्यावर माझा जुना स्वभाव जागा झाला. वाटलं, हे आत काहीतरी राखून बोलताहेत. मग मला अनेक दिवस छळणारा प्रश्न मी विचारलाच.

‘त्या दिवशी तुम्ही खाली वाकून बघितलंत. खाचा सारख्या केलेल्या तुम्हाला दिसल्या होत्या. लाल गाडी कलणार, हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग बसलात का तिच्यावर? मला का नाही बोललात?’

हिराजीभाऊंनी माझ्याकडे बघितलं. गिऱ्हाइकाकडे बघायचे तसं, वजन बघितल्यासारखं.

‘मी इचारला ना तुमाला, तुमी केल्याव? तुमी हो बोलल्याव.’ त्यांनी बाटली उचलून पुन्हा फडक्यात गुंडाळायला घेतली. एका हातानं गाठ बसेना म्हणून मी फडक्याचं दुसरं टोक धरलं. ‘तुमी मोजनारा मानूस, सायब. मना वाटला, मोजल्याबिगर तुमी हात लावनार नाय.’